पुरणाला चालत नाही : रिव्ह्यू गाळणाऱ्या साहेबांना खुलं पत्र

प्रति,
खरेदीच्या अ‍ॅपवर गिऱ्हाइकांचे कोणते रिव्ह्यू दाखवायचे आणि कोणते गाळायचे हे ठरवणारे साहेब आणि मॅडम,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत नाही. तुमच्याकडून येणाऱ्या मेलखाली कुणाची सही नसते आणि त्या मेलला उत्तर पाठवलं तर ते पोचत नाही. म्हणून चार लोकांसमोर लिहितोय. अ‍ॅपचं नावही घेत नाही. ज्यांनी हल्ली घरी एखादा कुकर नाहीतर किसणी मागवली असेल, त्यांना कळेलच.

कराडात माझं मिक्सर, कुकर, इस्त्री दुरुस्तीचं दुकान आहे. २६ वर्षं झाली. रात्री शटर ओढलं, जेवण झालं की मी पडल्या पडल्या रिव्ह्यू वाचतो. घ्यायचं काही नसतं. बायको म्हणते, लोक मालिका बघतात आणि तुम्ही परक्यांच्या मिक्सरची गाऱ्हाणी वाचता. तिचं खरं आहे.

सुरुवात धंद्यापायी झाली. कुठल्या मॉडेलचं काय जातं हे कंपनी सांगत नाही. गिऱ्हाईक दुकानात येतं तेव्हा ‘चालत नाही’ एवढंच म्हणतं आणि मिक्सर काउंटरवर ठेवून फोनवर बोलत बाहेर जातं. तेच माणूस रात्री रिव्ह्यू लिहायला बसलं की त्याला वाचा फुटते. एका बाईंनी लिहिलं होतं, ‘आधी गुरगुरतो, मग किंचाळतो, मग नुसते हुंदके देतो.’ मला तो मिक्सर उघडायचीसुद्धा गरज नव्हती. किंचाळतो म्हणजे दांडा ज्यात फिरतो तो बुश झिजलाय. हुंदके देतो म्हणजे मोटरला वीज पोचवणारे कार्बन संपत आलेत. दुसऱ्या एकानं लिहिलं, ‘मोटर फिरते पण चटणी बसून राहते.’ म्हणजे कपलर गेला. भांड्याच्या बुडाला आणि मोटरच्या डोक्यावर जी फुलासारखी काळी चकती असते ना, ती. पातं अडकलं तर आधी ती तुटावी आणि मोटर वाचावी, तिचा जन्मच त्यासाठी. त्या गृहस्थांनी पुढं लिहिलं होतं : ‘नाक्यावर पन्नास रुपयांत नीट करून मिळाला. तरी एकच स्टार, कारण रविवारी बंद पडला.’

आता सांगा, या माणसाला मी नावं ठेवू का? रविवारी बंद पडलेल्या मिक्सरची शिक्षा वेगळीच असायला हवी. मटणाचं वाटण अर्धं भांड्यात.

हळूहळू मला त्याची गोडी लागली. नवीन मिक्सरला पहिले काही दिवस जळका वास येतो, तो वाइंडिंगवरच्या, म्हणजे मोटरच्या तारेच्या वेटोळ्यावरच्या, व्हार्निशचा असतो. माहितीपुस्तकात हे बारीक अक्षरांत असतं आणि पुस्तक खोक्याबरोबर माळ्यावर जातं. पण एकीनं लिहिलं होतं : ‘पहिल्या दिवशी वास आला. रडले. दुसऱ्या दिवशी कमी आला. चौथ्या दिवशी फक्त लसणाचा आला.’ माझ्याकडे वासाची तक्रार घेऊन येणाऱ्या दहा जणांना मी आजवर हेच वाचून दाखवलंय. हसत घरी जातात.

कपडे वाळत घालायच्या स्टँडला एक स्टार, खाली : ‘वस्तू चांगली आहे, मिस्टरांना जोडता आली नाही.’ फरशी पुसायच्या मॉपच्या फोटोत मॉप अर्धाच दिसतो, बादलीत मात्र दीड वर्षाचं पोरगं ऐटीत बसलेलं. बादली केवढी, हे कंपनीच्या ‘प्रशस्त क्षमता’पेक्षा मला त्या पोरावरून कळलं. एका कुकरखाली : ‘जुन्या कुकरच्या शिट्टीला कुत्रा उठायचा. ह्याच्या शिट्टीला उठत नाही.’ लोकांना हा विनोद वाटेल. मला त्यात झाकणाची रिंग दिसते. वाफ कडेनं निसटत असली की शिट्टी वर उचलतच नाही, नुसती फुसफुसते. त्या घरचं कुत्रं दोषी नाही.

आणखी एक प्रकार मला फार आवडतो. घरात मोबाइल एकाचा, बोलणारे चार. ‘हे मुलाचं अकाउंट आहे, मी त्याची आई बोलतेय.’ मग खाली तव्याबद्दल दोन ओळी आणि सुनेबद्दल एक. आणि वर्षा-दोन वर्षांनी परत येऊन लिहिणारी माणसं. एका डोशाच्या तव्याखाली एका बाईंनी तीनदा लिहिलंय. पहिल्यांदा : ‘जड आहे, डोसा सुटतो.’ आठ महिन्यांनी : ‘अजून सुटतो. मधोमध थोडा काळा पडलाय.’ त्यानंतर दोन वर्षांनी : ‘तवा चांगला आहे. आता घरात दोघंच, मोठा पडतो. धाकटी बंगळूरला गेली.’ जवळजवळ तीन वर्षं वापरलेल्या तव्याची याहून चोख हकिकत कुठल्या प्रयोगशाळेत मिळेल?

हे सगळं लिहिणाऱ्यांना आपण गमतीदार लिहितोय याचा पत्ता नसतो. अमेरिकेत केळ्याच्या चकत्या करायचं एक पिवळं प्लास्टिकचं यंत्र आहे, त्याखाली हजारो लोकांनी ठरवून विनोदी रिव्ह्यू लिहिलेत. पुतण्यानं दाखवले, चारपाच वाचले, बरे होते. पण ते हसवायला बसलेल्यांचं लिखाण. आपल्याकडे २०२१ मध्ये कुणीतरी ऑनलाइन मागवलेली गोवरी खाऊन बघितली आणि पोट बिघडल्यावर तक्रार लिहिली की चव गवतासारखी, मातकट लागते, बनवताना स्वच्छता पाळा आणि कुरकुरीतपणाकडेही लक्ष द्या. देशभर फिरला तो रिव्ह्यू. त्यानं चेष्टा केली की खरंच खाल्ली, यावर आमच्या नाक्यावर एक संध्याकाळ गेली. माझं मत, खाल्ली. कुरकुरीतपणाचं सुचणं खाल्ल्याशिवाय शक्य नाही.

आता मुद्द्यावर येतो.

गेल्या काही महिन्यांत तुम्ही हे सगळं झाकून टाकलंत. आता वस्तूच्या खाली पहिल्यांदा यंत्रानं लिहिलेला एक उतारा येतो. ‘ग्राहकांना या मिक्सरची कार्यक्षमता आणि स्वरूप आवडते. आवाजाबाबत मते संमिश्र आहेत.’ त्याखाली चार गोळ्या : किंमत, दर्जा, आवाज, वापरण्यास सोपे. माणसांनी लिहिलेलं वाचायचं तर तीनदा बोट लावा, मग कुठं तीन रिव्ह्यू उघडतात, तेही अर्धे, ‘पुढे वाचा’ म्हणून चौथ्यांदा बोट.

मते संमिश्र! साहेब, आवाजाबाबत मत संमिश्र नसतं. बंगल्यात राहणाऱ्याला आवाज होत नाही आणि चाळीत राहणाऱ्याला होतो. एकानं लिहिलं होतं, ‘सकाळी पाचला लावला तर बाळ उठतं, खालचे काका उठतात, नवरा उठत नाही.’ ज्याच्या घरी बाळ आहे त्यानं काय ते ठरवावं. तुमच्या यंत्रानं बाळ, काका आणि नवरा एकत्र वाटले आणि त्याचं पिठलं केलं.

मी पत्र लिहायला बसलो ते मात्र आमच्या काकूमुळं.

काकू मसूरला असते. वय ७४. शिमग्याच्या आधी तिच्या नातीनं तिला मिक्सर मागवून दिला. अ‍ॅपवरून सारखी विचारणा यायला लागली, ‘तुमची खरेदी कशी वाटली?’ काकूला वाटलं, कुणीतरी अगत्यानं विचारतंय. दोन आठवडे मिक्सर वापरून बघितला, मग एका दुपारी नातीला समोर बसवलं आणि सांगितलं ते लिहून घ्यायला लावलं. असं :

‘मिक्सर आला. चांगला आहे. पुरणाला चालत नाही, पुरण पाट्यावरच. शेंगदाण्याचं कूट छान होतं पण मधी दोनदा थांबवायला लागतं, न्हाईतर तेल सुटतं. मोठ्या भांड्याचं झाकण हातानं दाबून धरायला लागतं, सोडलं की उडतंय. आवाज एवढा की शेजारची सुमन विचारती, काय पाडलंस. लाईट गेली की बंद पडतो. तीन स्टार. दोन कापले ते झाकणाचे.’

तुमचा मेल आला : रिव्ह्यू मार्गदर्शक तत्त्वांत बसत नाही. कुठलं वाक्य बसत नाही ते नाही. नातीला वाटलं, शेजारणीचं नाव घेतलं म्हणून असेल. सुमनला काढलं. परत तोच मेल, अक्षर न अक्षर तोच. मग वाटलं लाईटचं वाक्य वस्तूबद्दल नाही. ते काढलं. परत तोच. काकूनं मला फोन लावला. ‘आरं, मी काय वंगाळ लिव्हलं व्हय? त्यांनीच इचारलं म्हणून सांगितलं.’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी नातीनं वैतागून ‘छान आहे’ असे दोन शब्द लिहिले आणि पाच स्टार दाबले. अर्ध्या तासात छापलंत.

म्हणजे ७४ वर्षांच्या बाईनं दोन आठवडे तपासून सांगितलेलं खरं तुम्ही तीनदा फेकलंत, आणि तिचं नसलेलं मत तिच्या नातीच्या नावावर दिमाखात लावलंत. या सगळ्यात झाकणाचा मुद्दा किती मोठा आहे ते तुम्हाला कुणी सांगितलं नसेल, म्हणून मी सांगतो. चालू मिक्सरचं झाकण उडतं म्हणजे एकतर आतलं रबर बसलेलं नाही, नाहीतर भांड्याच्या कडेचं माप चुकलंय. आत गरम आमटीचं वाटण असेल तर ते तोंडावर येतं. असे भाजलेले हात मी काउंटरपलीकडे पाहिलेत. ही एक ओळ त्या पानावर असती तर पुढच्या बाईनं दुसरा मिक्सर घेतला असता.

काकू ही काही एकटी नाही. माझ्या मेहुणीनं त्याआधी एका मिक्सरखाली मराठीत लिहिलेलं छापलं गेलं होतं. आता अ‍ॅप इंग्रजीत ठेवलं की ते आपोआप भाषांतर होऊन दिसतं. त्यात शेंगदाण्याचं कूट म्हणजे शेंगदाण्याची गुप्तलिपी झालीय आणि ‘लाईट गेली’चं ‘प्रकाश निघून गेला’. मूळ मराठी कुठंय ते शोधायला मला दुकानातल्या पोराची मदत लागली. २०२० च्या डिसेंबरात या अ‍ॅपांवर मराठी हवी म्हणून आंदोलनं झाली होती. मराठी आली, बटणांवर आली. ‘कार्टमध्ये जोडा’ मराठीत आहे. काकूचं बोलणं मात्र मराठीत असून चालत नाही.

मग मॉडेलांची खिचडी. ५०० वॅटचा आणि ७५० वॅटचा, दोघांचे रिव्ह्यू एकाच हंड्यात. ७५० वाल्यानं इडलीचं पीठ छान झालं म्हणून लिहिलेलं वाचून माझ्या एका गिऱ्हाइकानं ५०० चा घेतला आणि उडीद वाटताना ओव्हरलोडचं बटण उडवून माझ्याकडे आणला. (बुडाशी लाल बटण असतं, दहा मिनिटं गार होऊ द्या आणि दाबा. याचे मी पैसे घेत नाही.) एकदा तर किसणीच्या पानावर खाली मोबाइलच्या कव्हरचे रिव्ह्यू होते. ‘हातात छान बसतं, घसरत नाही.’ किसणीबद्दल हे वाचून मी दचकलो होतो. विक्रेत्यानं जुन्या वस्तूचं पान तसंच ठेवून वस्तू बदलली की असं होतं, आणि कव्हरनं कमावलेले स्टार किसणी मिरवते.

आणि चिठ्ठ्या. खोक्यात चकचकीत कार्ड निघतं : पाच स्टार द्या, स्क्रीनशॉट या नंबरवर पाठवा, शंभर रुपये परत मिळवा. गिऱ्हाइकं खोक्यासकट वस्तू आणतात त्यामुळं माझ्या ड्रॉवरमध्ये अशा कार्डांचा गठ्ठा साठलाय. पत्ते खेळता येतील. या शंभर रुपयांचे रिव्ह्यू ओळखायला सोपे असतात, कारण त्यांत कुणाची शेजारीण नसते, कुत्रा नसतो, रविवार नसतो. सगळे शुद्ध आणि सुबक. ‘उत्कृष्ट दर्जा, अवश्य खरेदी करा.’ तुमच्या गाळणीतून ते सरळ खाली येतात आणि काकू वर अडकते.

गाळणी नकोच असं मी म्हणत नाही. लोक शिव्या लिहितात, फोन नंबर टाकतात, शेजारच्या दुकानदाराला बुडवायला खोटंही लिहितात. आणि गिऱ्हाइकांचे सगळे रिव्ह्यू सोन्याचे असतात असंही नाही. ‘अजून खोका उघडला नाही, पाच स्टार’ असं लिहिणाऱ्याचं काय करायचं हे मलाही माहीत नाही. पण नियम आहेत ना? ई-कॉमर्सचे २०२० चे नियम सांगतात की विक्रेत्यानं ग्राहक असल्याचं भासवून स्वतःच्या मालाचे रिव्ह्यू लिहू नयेत. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोचा आयएस १९००० आला, खास ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी. ते कसे गोळा करायचे, कसे तपासायचे, कसे छापायचे, सगळं त्यात आहे. आला तेव्हा तो ऐच्छिक होता. मी गिऱ्हाइकाला कुकर घेताना आयएस २३४७ चा शिक्का बघायला सांगणारा माणूस, तेव्हा कुकरसारखं रिव्ह्यूलाही मानक आहे हे वाचून मला बरं वाटलं होतं. त्यात पारदर्शकता हे एक तत्त्व आहे. कारण न सांगता तीनदा तोच मेल पाठवणं त्यात कसं बसतं, ते तुम्हीच सांगा.

माझ्या मागण्या फार नाहीत.

यंत्राचा उतारा ठेवायचा तर ठेवा, पण खाली. वर माणसांचं लिखाण, पूर्ण, एका बोटात दिसेल असं. आणि ज्याला उतारा नको त्याला तो बंद करायची सोय द्या.

रिव्ह्यू नाकारलात तर कुठल्या वाक्यासाठी ते सांगा. बाकीचं छापा. एका सुमनसाठी झाकण फेकू नका.

मराठीत लिहिलेलं मराठीतच दाखवा. भाषांतर ज्याला हवं त्यानं मागून घ्यावं.

५०० चे रिव्ह्यू ५०० खाली, ७५० चे ७५० खाली. वस्तू बदलली तर स्टार शून्यावर.

खोक्यातल्या कार्डाचा फोटो पाठवायला एक जागा द्या आणि तो पाठवल्यावर त्या विक्रेत्याचं काय केलंत ते कळवा. माझा गठ्ठा मी पहिल्या दिवशी पाठवतो, पोस्टानं हवा असला तरी चालेल.

आणि वर्षांनंतर परत येऊन लिहिणाऱ्यांचं काही पुसू नका. ती वस्तू विकणं बंद झालं तरी. डोशाच्या तव्याचं ते पान गेल्या महिन्यात मला सापडलं नाही. तवा आता मिळत नाही म्हणे. धाकटी बंगळूरला गेल्याचं कुठं गेलं मग?

शेवटचं, खासगी. ‘छान आहे, पाच स्टार’ हा रिव्ह्यू काकूचा नाही, तो काढा आणि वर दिलाय तो जसाच्या तसा लावा. एक दुरुस्ती आहे. गेल्या रविवारी मसूरला गेलो होतो तेव्हा मी झाकणाचं रबर बदलून दिलं. काकूनं माझ्यासमोर कूट करून बघितलं, झाकणावरचा हात काढून घेतला, थोडा वेळ थांबली. मग म्हणाली, ‘त्यास्नी सांग, एक स्टार वाढवा. दुसरा न्हाई. पुरणाला चालत न्हाईच.’

तेव्हा चार.

आपला,
एक मिक्सर दुरुस्तीवाला
कराड, जि. सातारा